काढणी-पेरणीच्या मधलं मैदान

सोयाबीन निघालं की आमच्याकडचं रान एकाएकी उघडं पडतं. परवापर्यंत बांधावर उभं राहिलं तर हिरवं-पिवळं पीकच दिसायचं, आता थेट पलीकडच्या गावची पाण्याची टाकी दिसते. मळणी यंत्राची घरघर थांबलेली असते, पण भुसकटाचा उग्र वास काही दिवस हवेत आणि ओढणीत राहतो. पहाटे थोडं गार वाटायला लागतं. सगळे या दिवसांना काढणीनंतरचे दिवस म्हणतात. मी, हट्टा नावाच्या लहानशा गावात दोन लेकरांची आई आणि शाळेत मास्तरीण होऊन बसलेली बाई, मनातल्या मनात अजूनही याला फुटबॉलचे दिवस म्हणते. मोठ्यानं म्हटलं तर घरातले हसतात.

गेल्या आठवड्यात कविताचा फोन आला. कविता आडे, माझी कॉलेजातली मैत्रीण. आता जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात ती खेळाची मॅडम आहे. "आमच्याकडं मुलींच्या मॅचेस हायेत. तू येऊन राहिली का न्हाई? का लेकरं, घर, शाळा, हेच रडगाणं?" मी म्हटलं, येते. फोन ठेवला आणि भाजी परतता परतता माझ्या लक्षात आलं की आपला उजवा पाय नुसताच हलतोय, समोर बॉल असल्यासारखा.

आमच्या कॉलेजला म्हणायला मैदान होतं. काळ्या मातीचं, खोलगट, पाणी साचून दिवाळीपर्यंत म्हशींच्या उपयोगाचं. त्याला लागून देवरावमामांचं शेत. आमचा खरा सराव तिथं व्हायचा, सोयाबीन निघाल्यापासून हरभऱ्याच्या पेरणीपर्यंत. तेवढेच दिवस आमचं मैदान अस्तित्वात असायचं. आधी पीक, नंतर पीक, मधे आम्ही. सगळ्यांच्या सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात, मामांच्या त्या तुकड्यात नसायच्या. आम्ही पोरी समजायचो की आपल्यासाठीच मामांनी जागा मोकळी ठेवली. एकदा तसं बोलून दाखवलं तर ते खेकसले, "तुमच्यासाठी काहून ठेवू? तिथं तूर वाळून जाती म्हून लावत न्हाई." तरी पहिल्या दिवशी सोयाबीनची टोकदार धसकटं उपटायला तेच खुरपं घेऊन हजर असायचे. त्या धसकटांनी आमच्या पायांची चाळण केली होती. अजूनही माझ्या घोट्यापाशी एक पांढरा व्रण आहे आणि मला तो आवडतो.

कदम सर आमचे प्रशिक्षक. शिकवायचे मराठी, खेळाचं खातं कुणीच घेईना म्हणून त्यांच्या गळ्यात पडलेलं. ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. रेफरीनं शिट्टी वाजवली की ते आमच्याकडे बघून विचारायचे, "हे आपल्या बाजूनं झालं का आपल्यावर झालं?" पण पाऊस असो, ऊन असो, माणूस सरावाला रोज यायचा, आणि येताना पिशवीत भाजलेल्या शेंगा आणायचा. त्या शेंगांसाठी निम्मी टीम टिकली होती.

कविता मात्र शेंगांसाठी आली नव्हती. ती तांड्यावरून यायची, वाटेत माळ आणि एक ओढा ओलांडून. घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलायची, आमच्यात आमची बोली, आणि मैदानावर काहीच नाही. हाफला खेळायची. फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते, हाफ म्हणजे मधली खेळाडू. मागून आलेला बॉल सांभाळायचा, पुढे नेमक्या जागी द्यायचा, समोरच्यांची चाल मधेच तोडायची. गोल दुसरीच करते, वाचवते तिसरीच. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं ते त्या दोघींचं. कविताकडे बॉल गेला की आमची सगळ्यांची धावपळ कमी व्हायची. अचानक खेळ सोपा वाटायला लागायचा. ती आजारी पडली त्या दिवशी आम्हाला कळलं की तो सोपा नसतो.

पहिल्या वर्षी आम्ही विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेलो आणि पहिल्याच सामन्यात शहरातल्या विजेत्या संघाशी भिडलो. हरलो, सपाटून. दुसऱ्या वर्षी गेलो, पुन्हा तोच संघ, पुन्हा पहिलाच सामना. हरलो, पण या वेळी त्यांना घाम फुटला. तेव्हा मला वाटलं, आपलं नशीबच फुटकं. कविता म्हणाली, "नशीब न्हाई गं, हे मांडलंच तसं हाय."

मांडणी अशी. गेल्या वर्षीचे पहिले चार संघ मानांकित. त्यांना चार कोपऱ्यांत बसवायचं, म्हणजे ते आपसात लवकर भिडणार नाहीत. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. त्या जिथे पडतील तिथे पडोत, कुणी ना कुणी पहिल्याच दिवशी त्या चौघांच्या तोंडी जाणार. आणि एकदा हरलं की सामान उचलायचं. मग पुढच्या वर्षी मानांकन कुणाला? तर त्याच चौघांना. विद्यापीठाच्या संघाची निवडही उपांत्य फेरीत पोचलेल्या संघांतूनच व्हायची, कारण निवड समिती यायचीच त्या दिवशी. जो आधीच बाद झाला, त्याला बघायला कोण थांबणार?

मी काही मानांकनाच्या विरोधात नाही. सगळ्यात तगडे दोन संघ पहिल्याच सकाळी भिडले आणि शेवटच्या दिवशी भलतेच दोघे उरले तर तो कसला अंतिम सामना? ज्यांनी घाम गाळून नाव मिळवलं त्यांना त्याचा काही मान मिळालाच पाहिजे. एवढं मला तेव्हाही पटत होतं. पण आमचं शेत कालव्याच्या टोकाला. हिवाळ्यात पाण्याची पाळी सुटली की बापू, म्हणजे माझे वडील, रोज चारीवर, शेताकडे पाणी आणणाऱ्या पाटावर, जाऊन बघून यायचे. नियम असा की पाणी आधी शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग वर वर सरकत जायचं, कारण वरच्यांनी आधी घेतलं तर खालच्याला काही उरत नाही. नियम पाळला जायचा तेव्हा आमचा गहू दाणा भरायचा. वरच्यांनी रातोरात पाणी फिरवलं की बापू घरी येऊन नुसते बसायचे. वरच्याचं शेत चांगलं पिकतं याचं कौतुक गावात होतंच. आमच्या शेताची माती कशी आहे, हे मात्र पाणी पोचल्याशिवाय कळायचा मार्गच नव्हता. फुटबॉलच्या चिठ्ठ्या बघताना मला दर वेळी बापूंचा तो चेहरा आठवायचा.

तिसरं वर्ष आमचं शेवटचं. आणि त्या वर्षी फिरत फिरत स्पर्धेचं यजमानपद आमच्या कॉलेजकडे आलं. गावात लग्नघराची धांदल. मैदानात मुरूम पडला, रूळ फिरला, देवरावमामांचा तुकडा त्याला जोडून दुसरं मैदान तयार झालं. "आठ रोजात उरका," मामा म्हणाले, "ओल उडून चालली. मंग हरभरा काय तुमच्या बॉलवर पेरू?" आम्ही दोरी धरून चुन्याची फक्की टाकली, रेषा पुन्हा पुन्हा वाकड्या गेल्या, पुन्हा पुन्हा पुसल्या. कविता त्या वर्षी फार कमी हसायची. तिचं साधं गणित होतं. कॉलेज सुटलं की फुटबॉल सुटला. आमच्या भागात कॉलेजबाहेर मुलींचा संघ नव्हताच. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढचा रस्ता होता, नाही झाली तर शेवटची शिट्टी तीच शेवटची.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये लॉट पाडायला, म्हणजे चिठ्ठ्या काढायला, सगळ्या संघांचे व्यवस्थापक जमले. आम्ही पोरी चहा वाटत होतो. शहरातल्या विजेत्या संघाचे सर मानांकन समजावून सांगत होते. माणूस वाईट नव्हता, आपल्या पोरींच्या बाजूनं बोलत होता एवढंच. "गेल्या वर्षीची कामगिरी बघूनच हे ठरतं," ते म्हणाले. कविता त्यांना कप देत होती. कप देता देताच तिनं विचारलं, "सर, गेल्या साली आमी पहिल्याच मॅचला तुमच्यासंगं हरलो. तुमच्यासंगं तर सगळेच हरले, फायनलवाले बी हरले. मंग आमी दुसऱ्या लंबरचे का शेवटच्या लंबरचे, हे कसं कळलं?"

सरांनी कप घेतला. हसले. "प्रश्न बरोबर आहे बेटा," ते म्हणाले, "पण उत्तर माझ्याकडे नाही."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. संघांचा आकडा असा पडला होता की एका बिगरमानांकित संघाला पहिली फेरी न खेळताच पुढे जायला मिळणार होतं. ती 'बाय' यजमानांनी घ्यावी अशी रीत. सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसायला लागलो. तेवढ्यात दारात एक टीम येऊन उभी राहिली. डोंगराकडच्या एका लहानशा कॉलेजच्या पोरी, जीप वाटेत बंद पडलेली, केसांत धूळ, हातात चपला. कदम सर उठले. त्यांच्यातला मराठीचा प्राध्यापक आणि आमच्या पट्ट्यातला यजमान, दोघेही एकदमच जागे झाले.

"पाव्हण्यांची पंगत आधी बसती, घरचे शेवटाला जेवतात," ते म्हणाले. "आमची बाय आमी या लेकरायला दिली."

टाळ्या पडल्या. सरपंचांनी मान डोलावली. आम्हीही टाळ्या वाजवल्या, आम्हाला लहानपणापासून तेच शिकवलेलं. घरी पाहुणा असताना कुणी आधी ताटावर बसतं का? एकटी कविता ट्रे छातीशी धरून उभी होती. बाहेर आल्यावर ती एवढंच बोलली, "पंगत येगळी, मॅच येगळी." मग आमच्या नावाची चिठ्ठी निघाली. समोर कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. कदम सरांनी चिठ्ठी तीनदा वाचली. त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

त्या सामन्याबद्दल मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे आणि दर वेळी तो थोडा मोठा होत गेला असेल. पण एवढं खरं की गाव लोटलं होतं, बायका ओट्यावरून उठून बांधावर येऊन बसल्या होत्या, आणि शेवटच्या काही मिनिटांपर्यंत गोल झाला नव्हता. मी मागे बॅकला होते, त्यामुळे कविताची पाठ मला सबंध सामनाभर दिसत होती. विजेत्या संघाची कप्तान मृणाल, उंच, चपळ, जिच्या नावानं आम्हाला दोन वर्षं धडकी भरायची, ती त्या दिवशी मधोमध अडकून पडली. जिकडे वळेल तिकडे कविता आधीच उभी. शेवटी एक बॉल कुणाच्या तरी गुडघ्याला लागून उडाला, आमच्या गोलकीपरच्या बोटांना चाटून आत गेला. एक गोल. शिट्टी झाली. आम्ही सगळ्या रडलो, कदम सरही रडले. कविता रडली नाही. मातीवर बसून तिनं मला विचारलं, "आता उद्यापसून सांजच्याला काय करू गं मी?"

मी तिच्या शेजारी मातीत बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

पण यजमानांना हरल्यावर घरी जाता येत नाही. आम्हीच फक्की टाकायची, आम्हीच वाढायचं. उपांत्य फेरीच्या दिवशी निवड समिती आली. तिच्यात एक मॅडम होत्या, बारीक अंगाच्या, टोपी घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. मैदानाशेजारच्या मांडवात दुपारची पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. मृणाल मॅडमच्या शेजारी. कविता वरण वाढत त्यांच्यापुढे आली, तशी मृणाल एकदम म्हणाली, "मॅडम, या स्पर्धेत आम्हाला सगळ्यात जास्त कुणी त्रास दिला माहीत आहे? ही. हिच्यासमोर मला एक पास धड देता आला नाही."

कविता वरणाची बादली घेऊन तशीच उभी. मी मागे भात घेऊन.

"निवड उपांत्य फेरीतल्या संघांतूनच होते," मॅडम म्हणाल्या. "नियम आहे." आणि भात कालवायला लागल्या. माझा संताप झाला. वाटलं, यांच्या पानात आता बुंदी म्हणून पडू द्यायची नाही. पण त्या जेवता जेवता विचार करत होत्या. हात धुऊन त्यांनी कदम सरांना गाठलं. "उद्या अंतिम सामन्याआधी सकाळी मैदान रिकामं आहे ना? बाद झालेल्या मुली इथे किती आहेत?"

आम्ही तर होतोच. आणि डोंगराकडच्या त्या पोरी होत्या. दुसऱ्या फेरीत हरल्या होत्या, पण त्यांची जीप शेवटच्या दिवशीच येणार होती. त्यांची कप्तान ऐकताच म्हणाली, "खेळू की! आमाला बाय देल्ली तुमी, आमी काय एक मॅच देणार न्हाई का?" सकाळी दव पडलेलं होतं. दोन्ही संघांच्या पोरी मिसळून दोन बाजू केल्या. हरायचं तर होऊनच गेलं होतं, त्यामुळे भीती नव्हती. इतका मोकळा फुटबॉल मी आयुष्यात खेळले नाही. मॅडम चहाचा कप घेऊन रेषेवर उभ्या होत्या, आणि चहावर साय धरली तरी त्यांनी तो तोंडाला लावला नाही.

बक्षीस समारंभानंतर विद्यापीठाच्या शिबिरासाठी निवडलेल्यांची नावं वाचली गेली. सगळी उपांत्य फेरीतल्या संघांची. शेवटी राखीव खेळाडू, कविता आडे. कदम सरांनी अशी काही आरोळी ठोकली की बैल बुजले. त्यांनी मॅडमना विचारलंच, "मॅडम, नियमाचं काय?" मॅडम टोपी सारखी करत म्हणाल्या, "नियम मोडलेला नाही. राखीव खेळाडू कुठून घ्यायचा, याबद्दल नियम गप्प आहे."

पुढची गोष्ट परीकथेसारखी नाही. कविता विद्यापीठाच्या संघाबरोबर परराज्यात गेली, बहुतेक वेळ बाकावर बसली, एका सामन्यात शेवटी शेवटी तिला उतरवलं. "बॉलला धड पाय बी लागला न्हाई," आल्यावर तिनं सांगितलं, पण सांगताना तिचा चेहरा लख्ख होता. तिथल्या पोरींना बघून तिला कळलं की हे शिकता येतं, शिकवता येतं. मग तिनं शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला, नोकरी लागली. नोकरी लागल्यावर दर वर्षीच्या बैठकीत उठून तिनं तोच जुना प्रश्न विचारायला सुरुवात केली, आम्ही दुसरे की शेवटचे, हे कसं कळलं? पहिल्या वर्षी लोक हसले. नंतर कंटाळले. कंटाळलेल्या माणसांकडून बरीच चांगली कामं होतात असा माझा अनुभव आहे. मानांकन राहिलं, पण आता आधी लहान लहान गट पाडतात आणि गटातले सगळे संघ एकमेकांशी खेळतात. निवडीची चाचणी वेगळी होते, तिला कुठल्याही संघातली पोरगी येऊ शकते.

याचीही किंमत असते. सामने वाढले, दिवस वाढले, जेवणावळी वाढल्या. कुणाच्या तरी शेतातली ओल उडून जात असेल. आणि चाचणीतही बघणाऱ्याची नजर तीच, माणसाची, गोलाकडे आधी जाणारी. पुरता न्याय काही अजून झालेला नाही आणि होईल असंही मी छातीठोक सांगणार नाही. तरी काल मी जे बघितलं, त्यानंतर मला निराश होता येत नाही.

काल मी कविताच्या मैदानावर गेले. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, अंगानं जरा भरलेली, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच, बॉल कुठे येणार ते आधी कळल्यासारखी. सकाळच्या सामन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचा एक नवा संघ होता. पहिल्यांदाच आलेला. समोर मानांकित संघ. जे व्हायचं तेच झालं, पोरी सपाटून हरल्या. शिट्टीनंतर त्या एका कडेला जमल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या, मग बूट काढले, पिशव्या उचलल्या आणि मान खाली घालून जीपकडे निघाल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या पाठी मला ओळखीच्या वाटल्या.

कविता मैदानाच्या मधूनच ओरडली, "ए पोरीहो! कुठं निघाल्या?"

पुढची पोरगी थांबली. नाक पुसत म्हणाली, "घरी, मॅडम. हरलो ना आमी."

"व्हय, हरल्या. पाह्यलं की मी." कविता चालत त्यांच्यापाशी गेली. "मंग? तीन वाजता तुमची दुसरी मॅच हाय. उद्या तिसरी हाय. जेवून घ्या, सावलीत बसा."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणालाच नीट कळेना. ती पुढची पोरगी, केसांची बट तोंडात धरलेली, तिनं पुन्हा विचारलं, "हरल्यावर बी?"

"हरल्यावर बी," कविता म्हणाली.

तीन वाजायला अजून पुष्कळ वेळ होता, स्वयंपाकही व्हायचा होता. पण ती पोरगी तिथेच मातीत बसली आणि बूट घालायला लागली.